हलता चेहरा, सरकतं ठिगळ

मुंबईच्या उपनगरातला कुठलाही हमरस्ता गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये उघडून पाहावा. दुकानांच्या पाट्या वाचता येतात, बसथांबा दिसतो, झाडाखाली लावलेली रिक्षा दिसते. पुसट असतात ते माणसांचे चेहरे आणि गाड्यांच्या नंबरप्लेट. भारतात ही सेवा २७ जुलै २०२२ रोजी नव्यानं सुरू झाली. पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही महाराष्ट्रातली चार होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं घालून दिलेल्या नियमांनुसार रस्त्यांचं असं चित्रण फक्त भारतीय कंपन्यांना करता येतं. त्यामुळे गूगलनं ते टेक महिंद्रा आणि जेनेसिस इंटरनॅशनल या कंपन्यांकडून घेतलं. त्यातली जेनेसिस ही अंधेरी पूर्वेच्या सीप्झमधली कंपनी.

चेहरे पुसण्याचं काम संगणक आपोआप करतो. गूगलनं त्याची सुरुवात २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधल्या चित्रांपासून केली. पुढच्याच वर्षी कंपनीच्या संशोधकांनी एका निबंधात हिशेब मांडला: तपासणीसाठी घेतलेल्या चित्रांत ८९ टक्क्यांहून जास्त चेहरे आणि ९४ ते ९६ टक्के नंबरप्लेट पुरेशा धूसर झाल्या होत्या. यंत्राचा अंदाज उलट्या बाजूनंही चुकतो. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजला नदीकाठी उभ्या असलेल्या एका गायीचं तोंड स्ट्रीट व्ह्यूनं माणसाचं समजून झाकलं आणि ते चित्र जगभर गाजलं. गाय झाकली गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. शंभरातले दहा चेहरे उघडे राहिले तर त्या दहा जणांचं बिघडू शकतं.

आणि हे झालं स्थिर चित्रांचं. व्हिडिओत माणूस चालतो, वळतो, खांबाआड जातो, पुन्हा समोर येतो. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. मोबाइलवर त्या बहुधा ३० असतात. २५ धरल्या तरी मिनिटभराच्या क्लिपमध्ये दीड हजार फ्रेम झाल्या. त्यातल्या एकाच फ्रेममध्ये चेहरा उघडा राहिला, तर पाहणारा नेमका तिथे व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घेतो. बाकीच्या १,४९९ फ्रेम नीट झाकल्याचा मग उपयोग राहत नाही.

उपनगरांत ही वेळ सारखी येते. मुंबई पोलिसांचं सीसीटीव्हीचं जाळं २ ऑक्टोबर २०१६ रोजी सुरू झालं तेव्हा त्यात ४,७०० हून अधिक कॅमेरे होते. सोसायट्यांच्या फाटकांवरचे, दुकानांतले, क्लासच्या जिन्यातले कॅमेरे त्याहून वेगळे. सप्टेंबर २०२१ मध्ये गोरेगावच्या आरे कॉलनीत काठी टेकत चालणाऱ्या एका वृद्ध महिलेवर बिबट्यानं झडप घातली आणि तिनं त्या काठीनंच त्याला हुसकावलं. ते सीसीटीव्ही फुटेज देशभरच्या वाहिन्यांवर दाखवलं गेलं. प्रत्येक क्लिप इतकी लांब जात नाही, पण मुलुंड किंवा घाटकोपरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली क्लिप दुसऱ्या ग्रुपवर जायला वेळ लागत नाही. पार्किंगमधल्या धडकेच्या किंवा फुटलेल्या पाइपच्या क्लिपमध्ये त्या वेळी तिथून जाणारी कामवाली बाई, सामान आणून देणारा मुलगा, शाळेतून येणारी पोरं हीही असतात. घडलेल्या गोष्टीशी त्यांचा काही संबंध नसतो आणि त्यांना कुणी विचारलेलंही नसतं.

चित्रपट-मालिकांच्या धंद्यात हे काम रोजचं आहे. अंधेरीत वीरा देसाई रोड आणि ओशिवऱ्याच्या बाजूला एडिटिंग स्टुडिओ दाटीनं आहेत. अभिनेत्याच्या हातातली सिगारेट टीव्हीसाठी धूसर करायची, दारूच्या बाटलीवरचं नाव घालवायचं, मागून गेलेल्या गाडीची नंबरप्लेट झाकायची, यासाठी एडिटर त्या वस्तूभोवती मास्क काढतो आणि तो फ्रेमगणिक तिच्यामागे सरकवतो. याला ट्रॅकिंग म्हणतात. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असा एडिटर नसतो. तो मोबाइलवर एखादं फुकट अ‍ॅप किंवा वेबसाइट शोधतो आणि तिथे व्हिडिओ चढवतो. यूट्यूबनं चेहरे धूसर करायची सोय जुलै २०१२ मध्ये दिली. हलत्या वस्तूला चौकट घालून ती झाकायची सोय फेब्रुवारी २०१६ मध्ये आली. दोन्ही कामाच्या आहेत, पण त्यासाठी मूळ व्हिडिओ आधी यूट्यूबकडे पाठवावा लागतो. अनोळखी वेबसाइटच्या बाबतीत तर तो पुढे कुठे साठतो हेही कळत नाही. ज्या फुटेजमधला चेहरा जगाला दिसू नये म्हणून धडपड चालली आहे, ते फुटेज चेहरा झाकण्याआधीच घराबाहेर जातं.

यावर उपाय घरच्या लॅपटॉपवरच आहे आणि तो फुकट आहे. त्याचं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० मध्ये हा प्रकल्प सुरू केला. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी तो वाढवला. व्हीएलसी प्लेअर आणि क्रोम ब्राउझर व्हिडिओ उलगडण्यासाठी याच प्रकल्पातला कोड वापरतात. नासाचं पर्सिव्हिअरन्स यान २०२१ मध्ये मंगळावर उतरलं, ते उतरणं टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या यंत्रणेतही तो होता. मात्र एफएफएमपेगला बटणं नाहीत. काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये किंवा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, एका ओळीत हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं. इंटरनेट बंद करून ठेवलं तरी काम होतं.

या काळ्या खिडकीची अनेकांना धास्ती असते. ती घालवायची सोय उपनगरातच झाली आहे. पवईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पानं लिनक्सच्या कमांडचे छोटे छोटे दृक्‌श्राव्य धडे तयार केले आहेत आणि ते मराठीतही आहेत. दोन-चार धडे पाहिले की फोल्डरमध्ये जाणं, फाइलचं नाव देणं, हुकूम चालवणं एवढं जमतं, आणि एफएफएमपेगला सुरुवातीला तेवढंच लागतं.

आता प्रत्यक्ष काम पाहू. समजा बोरिवलीतल्या एका सोसायटीच्या फाटकावर दुचाकी आदळली. कमिटीला ते कसं घडलं हे रहिवाशांना दाखवायचं आहे. क्लिप वीस सेकंदांची, १,२८० बाय ७२० पिक्सेलची. त्यात दप्तर घेतलेली एक मुलगी डावीकडून उजवीकडे चालत जाते. तिचा चेहरा दाखवायची काही गरज नाही. एफएफएमपेगला चार गोष्टी सांगायच्या. पहिली, चित्राच्या दोन प्रती कर. दुसरी, एका प्रतीतून मुलीच्या डोक्याएवढा चौकोन काप. या फिल्टरचं नाव क्रॉप. तिसरी, कापलेला तुकडा धूसर कर. त्यासाठी बॉक्सब्लर नावाचा फिल्टर आहे. चौथी, ते धूसर ठिगळ दुसऱ्या प्रतीवर होतं त्याच जागी लाव. हा ओव्हरले. सोबत वेळेची अट घालता येते, म्हणजे ठिगळ चौथ्या सेकंदाला येईल आणि दहाव्याला जाईल.

पण मुलगी चालते आहे, तेव्हा ठिगळही चाललं पाहिजे. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. चौथ्या सेकंदाला चौकोनाची डावी कड चित्राच्या डाव्या कडेपासून २०० पिक्सेलवर आहे, दहाव्या सेकंदाला ८०० वर. सहा सेकंदांत ६०० पिक्सेल, म्हणजे सेकंदाला १००. कुठल्याही क्षणी चौकोनाची जागा काढायची तर चालू सेकंदातून ४ वजा करायचे, आलेल्या आकड्याला १०० नं गुणायचं आणि त्यात २०० मिळवायचे. सातव्या सेकंदाला उत्तर ५०० येतं. एफएफएमपेगमध्ये क्रॉप आणि ओव्हरले या दोन्ही ठिकाणी आकड्याऐवजी हे सूत्रच लिहिता येतं आणि ते प्रत्येक फ्रेमला नव्यानं सोडवलं जातं. सूत्र दोन्हीकडे सारखंच हवं. नाहीतर तुकडा कापला जाईल एकीकडून आणि लागेल दुसरीकडे.

सूत्र लिहिण्याआधी मापं घ्यावी लागतात. व्हिडिओ थांबवून चौथ्या आणि दहाव्या सेकंदाच्या फ्रेम चित्र म्हणून काढायच्या, त्या कुठल्याही साध्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये उघडायच्या आणि माउस चेहऱ्याच्या कडेवर नेऊन पिक्सेलचा आकडा टिपायचा. एफएफएमपेग उंचीची मोजणी वरून खाली करतो, हे ध्यानात ठेवायचं. चौकोन डोक्यापेक्षा ऐसपैस घ्यायचा आणि ठिगळ अर्धा सेकंद आधी लावून अर्धा सेकंद उशिरा काढायचं. सूत्र साडेतीनाव्या सेकंदालाही चालतं, तिथे ते १५० देतं.

सरळ चालणाऱ्या माणसाला हे पुरतं. घाटकोपर स्टेशनात शिरणाऱ्या लोकलच्या खिडकीतला चेहरा झाकायचा असेल, तर हेच सूत्र फसतं. गाडी थांबताना वेग कमी करते, ठिगळ मात्र ठरलेल्या वेगानं पुढे जात राहतं. दोन-तीन सेकंदांत ते चेहरा सोडून शेजारच्या खिडकीवर जातं आणि चेहरा उघडा पडतो. अशा वेळी क्लिपचे लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळा वेग द्यावा लागतो. नाहीतर सेंड-सीएमडी नावाच्या फिल्टरला एक मजकुराची फाइल द्यायची. तिच्या प्रत्येक ओळीत वेळ आणि त्या वेळची जागा लिहिलेली असते. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला एक ओळ लिहिली तर वीस सेकंदांना चाळीस ओळी होतात. ठिगळ दोन ओळींच्या मधल्या काळात जागच्या जागी थांबतं, त्यामुळे चेहरा जितका वेगानं हलतो तितक्या ओळी दाट हव्यात किंवा चौकोन मोठा हवा.

या ओळी संगणकालाच लिहायला सांगायचं असेल तर ओपनसीव्ही उपयोगी पडतं. इंटेल कंपनीत १९९९ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्पही फुकट आणि खुला आहे. त्यातल्या ट्रॅकरला पहिल्या फ्रेममध्ये चौकट आखून दिली की पुढच्या फ्रेममध्ये तसाच भाग कुठे आहे ते तो शोधतो. वेगवान पण ढोबळ, संथ पण नेमके असे त्याचे प्रकार आहेत. सीएसआरटी हा दुसऱ्या जातीतला. ट्रॅकर फसतो तो आडोशापाशी. मुलगी खांबाआड गेली की ट्रॅकर खांबालाच धरून बसतो. ती पलीकडून बाहेर आली तरी ठिगळ खांबावरच राहतं. अशा जागी चौकट पुन्हा आखून द्यावी लागते.

गर्दीच्या क्लिपमध्ये एकेका माणसामागे असं लागणं शक्य नसतं. त्यासाठी डिफेस नावाचं कमांड लाइनवर चालणारं साधन आहे. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे. डिफेस कुणाचा पाठलाग करत नाही, प्रत्येक फ्रेममध्ये चेहरे नव्यानं हुडकतं आणि सापडतील तेवढे झाकतं. टर्मिनलमध्ये डिफेस हा शब्द आणि पुढे फाइलचं नाव लिहिलं की चेहरे झाकलेली नवी फाइल तयार होते. दोन आकडे मात्र समजून घ्यायला हवेत. एक थ्रेशोल्ड. तो मुळात ०.२ असतो. तो खाली आणला की संशय येईल तिथे सगळीकडे ठिगळ लागतं, वर नेला की फक्त खात्रीचे चेहरे झाकले जातात. दुसरा मास्कचा आकार. तो सापडलेल्या चेहऱ्याच्या १.३ पट असतो आणि वाढवता येतो. अंधुक उजेड, तोंडावर आलेली छत्री, एका बाजूनं दिसणारा किंवा लांबवरचा चेहरा अशा जागी एखाद-दुसरी फ्रेम निसटण्याची भीती जास्त. तेव्हा थ्रेशोल्ड खाली ठेवून भिंतीवरची घड्याळं झाकली गेली तरी चालेल, असाच कौल द्यावा. हे साधन आपणहून सांगितल्याशिवाय आवाज ठेवत नाही, हेही जाणून असावं.

नंबरप्लेटसाठी डिफेस चालत नाही, ते चेहऱ्यांपुरतंच आहे. अंधेरीची एमएच ०२ किंवा बोरिवलीची एमएच ४७ झाकायची तर पुन्हा चौकट आणि सूत्र, नाहीतर ट्रॅकर. गाडीची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी असते, कारण प्लेट मान वळवत नाही.

ठिगळ योग्य जागी लागलं म्हणून सगळं झाकलं गेलं असंही नाही. टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेक इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की मोझॅक टाकलेले किंवा यूट्यूबच्या साधनानं धूसर केलेले चेहरेही, ठरावीक माणसांच्या फोटोंवर तयार केलेली संगणकप्रणाली बऱ्याच प्रमाणात ओळखू शकते. त्याआधी २००७ मध्ये इंटरपोलनं मुलांचं शोषण करणाऱ्या एका माणसाचा चेहरा जाहीर केला. त्यानं फोटोत स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता आणि जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवून सोडवला. एप्रिल २०२५ मधला प्रयोग तर थेट हलत्या चित्राचा आहे. अमेरिकेतले यूट्यूबर जेफ गीअरलिंग यांनी एका व्हिडिओत संगणकाच्या पडद्यावरची खिडकी मोझॅकखाली झाकली, पण ती इकडेतिकडे हलत होती. आत काय लिहिलंय ते सांगणाऱ्याला त्यांनी ५० डॉलर देऊ केले. एका दिवसात उत्तर आलं. खिडकी सरकली की मोझॅकच्या प्रत्येक घरात मजकुराचा थोडा वेगळा भाग येतो. कित्येक फ्रेममधली ही चिल्लर माहिती एकत्र केली की मूळ अक्षरं उभी राहतात. म्हणजे हालचालीमुळे झाकणं अवघड होतं आणि उघडं पाडणं सोपं होतं. जिथे खरोखर जोखीम आहे तिथे मोझॅक किंवा हलका ब्लर न वापरता सपाट काळं ठिगळ लावावं. त्याखालचे पिक्सेल नव्या फाइलमध्ये उरतच नाहीत, त्यामुळे परत काढायला काही राहत नाही. डिफेसमध्ये हा पर्याय आहे आणि एफएफएमपेगमध्येही धूसर तुकड्याऐवजी काळा तुकडा लावता येतो.

काही बाबतींत झाकायचं की नाही हे ठरवायची मुभाच कायदा देत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ओळख उघड करण्याची मनाई समाजमाध्यमांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ आणखी पुढे जातं. त्यात नाव, पत्ता आणि छायाचित्रासोबत कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजारसुद्धा उघड होऊ देऊ नये असं म्हटलं आहे. फुटेजच्या भाषेत याचा अर्थ असा, की चेहऱ्यावर ठिगळ लावून भागत नाही. गणवेशावरचं शाळेचं बोधचिन्ह, स्कूलबसवरचं नाव, मागच्या भिंतीवरची सोसायटीची पाटी, विंगचं अक्षर हे सगळं झाकायच्या यादीत येतं. पाटी हलत नसल्यामुळे तिला एक स्थिर ठिगळ पुरतं, फक्त ती आठवणीनं झाकावी लागते.

आवाजाचंही तसंच. मागून कुणी मुलीला नावानं हाक मारली असेल तर चित्रावरचं ठिगळ फुकट गेलं. एफएफएमपेगमध्ये आवाज पूर्ण काढून टाकता येतो किंवा ठरावीक सेकंदांपुरता शून्य करता येतो. मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. नवी फाइल बनवताना ही माहिती टाकून द्यायला एफएफएमपेगला हुकुमातच सांगता येतं.

नवी फाइल तयार झाली की ती नेहमीच्या वेगानं पाहून पाठवू नये. नेहमीच्या वेगाला डोळा एका फ्रेमची चूक पकडत नाही. एफएफएमपेगनंच ती चौपट संथ करता येते, किंवा तिच्या फ्रेम सुट्या चित्रांच्या रूपात एका फोल्डरमध्ये काढता येतात. वीस सेकंदांच्या क्लिपच्या पाचशे होतात. त्या लहान आकारात मांडून नजरेखालून घालायच्या. ठिगळ सुरू होतं ती जागा, संपतं ती जागा, मान वळते तो क्षण आणि आडोशातून बाहेर येण्याच्या फ्रेम एकेक करून पाहायच्या. शक्य असेल तर त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या एखाद्या विश्वासातल्या माणसाला क्लिप आपल्याच लॅपटॉपवर, आवाजासह दाखवावी. त्यानं चालीवरून किंवा दप्तरावरून ओळखलं तर चौकोन डोक्यापुरता न ठेवता पूर्ण अंगभर करावा.

मूळ फुटेजला मात्र हात लावायचा नाही. एफएफएमपेग नवी फाइल वेगळ्या नावानं लिहितो आणि त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर ती पुसण्यापूर्वी विचारतो, तेव्हा तिथे घाईनं होकार देऊ नये. सोसायटीचा डीव्हीआर जागा संपली की जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहितो, म्हणून हवा तो भाग लगेच वेगळा काढून ठेवावा. प्रकरण पोलिसांकडे गेलं तर त्यांना झाकलेली प्रत देऊन चालत नाही, मूळ चित्रणच लागतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं. फाइलच्या मजकुरावरून काढलेला हा लांबलचक आकडा, एक पिक्सेल बदलला तरी बदलतो. त्यामुळे कमिटीच्या लॅपटॉपवर दोन वेगळे फोल्डर असावेत: एक मूळ चित्रणाचा, जो फक्त पोलिसांसाठी उघडायचा, आणि दुसरा ठिगळं लावलेल्या प्रतींचा, ज्यातली फाइल ग्रुपवर जाईल.